बुंदी, नात आणि दोघींचं ‘नको’

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलाच्या घरी सल्ला देणाऱ्यांची कधी वानवा नसते. हल्ली त्यात एका नव्या सल्ल्याची भर पडली आहे: “कुत्रा आणा, पोर सुधारेल.” बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बुंदी आली तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले आई-बाप चौकशीला येतात. बुंदी म्हणजे आमची कुत्री. देशी, तांबूस, अंगभर बारीक ठिपके, म्हणून हे नाव. मी नर्स होते, आता निवृत्त आहे, आणि अकरा वर्षांची नात शाळेतून आली की रात्रीपर्यंत माझ्याजवळच असते. ती बोलते थोडं, दाखवते जास्त. येणाऱ्या प्रत्येकाला चहा पाजत मी जे सांगते, ते सगळं इथे लिहून काढते आहे.

सगळ्याच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे. मुलाला कुत्र्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, कुत्र्याला मुलाला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, आणि ही दोन्ही ‘नको’ घरातल्या मोठ्यांनी ताबडतोब ऐकली पाहिजेत. आपली मुलं दिवसभर हुकूम ऐकत असतात. इकडे बघ, हात खाली घे, परत म्हण, नीट बस. थेरपीत तेच, शाळेत तेच, आणि घरीही बहुतेक तेच. त्यात कुत्रा आणून “जा, हात लाव त्याला, घाबरतोस काय” असं सुरू केलं की ती आणखी एक शिकवणी होऊन बसते. मुलाने मान फिरवली की कुत्र्याला बाजूला न्यायचं, कुत्र्याने मान फिरवली की मुलाचा हात थांबवायचा, हे रोज होत राहिलं तर दोघांनाही कळतं की इथे आपल्यावर जबरदस्ती नाही. मग ती जवळ येतात. आधी नाही.

आणायचा की नाही, हे आधी ठरवा

प्रत्येक ऑटिस्टिक मुलाला कुत्रा आवडतोच असं नाही. भुंकणं अचानक असतं, जिभेचा ओलेपणा असतो, पावसाळ्यात अंगाला वास येतो, केस कपड्यांना चिकटतात. ज्या मुलाला मिक्सरचा आवाज किंवा शर्टाचं लेबल सहन होत नाही, त्याच्यासाठी यातली एक गोष्टही जड असू शकते. म्हणून कुत्रा शोधण्याआधी शांत स्वभावाचा, वयाने मोठा कुत्रा असलेलं एखादं घर शोधा आणि तिथे जाऊन नुसतं बसा. कुत्रा पट्ट्याला बांधलेला, मूल खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हातात त्याची आवडती वस्तू. कोणी कोणाला बोलवायचं नाही. अर्ध्या तासात घरी परत. अशा फेऱ्या व्हायला हव्यात, आणि दर वेळी काय झालं ते वहीत टिपायला हवं: मुलाने कुत्र्याकडे चोरून पाहिलं का, अंतर आपणहून कमी केलं का, त्या रात्री झोप लागली का. तुमची ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेल तर तिला ही वही दाखवा. मूल घाबरलं आणि पुढच्या फेऱ्यांतही भीती कमी झाली नाही, तर विषय तिथेच सोडा. त्यात त्याचं काही कमी होत नाही.

मूल चिडल्यावर समोरच्याला मारत, चावत, केस ओढत असेल तर थांबा. ते आधी आटोक्यात येऊ द्या. आणि रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास देणारं मोठं माणूस घरात नसेल तर कुत्रा आणूच नका. कुत्रा दहा ते तेरा वर्षं जगतो. मूल त्याला सांभाळेल, हे कृपा करून धरून चालू नका. सांभाळायचं आपण.

फायदा होतो का? काही घरांत होतो, आणि त्याला आधार आहे. न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याबद्दल लिहिलं. कोणाशीही न बोलणारी मुलं जिंगल्स खोलीत असला की मोकळी होतात, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे कॅनडातल्या नॅशनल सर्व्हिस डॉग्ज या संस्थेने १९९० च्या दशकात खास ऑटिस्टिक मुलांसाठी कुत्रे तयार करायला सुरुवात केली. कॅनडातच २०१० साली ४२ मुलांवर झालेला एक अभ्यास मला नर्स म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. माणूस सकाळी उठल्यावर शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं. या मुलांमध्ये ही वाढ कुत्रा येण्याआधी सरासरी ५८ टक्के होती, कुत्रा घरात असताना १० टक्क्यांवर आली, आणि थोड्या काळासाठी कुत्रा काढून घेतल्यावर पुन्हा ४८ टक्क्यांवर गेली. मुलं थोडी होती, आणि कुत्रे पूर्ण प्रशिक्षित होते, हे विसरू नका. पण हे कॉर्टिसॉल लाळेतून मोजलं होतं, आणि लाळेचा नमुना कोणाचं मन राखायला खोटं बोलत नाही. ऑटिझम मात्र कुत्र्याने जात नाही, जायचा प्रश्नही नाही. मुलाचा दिवस थोडा सैल होतो, एवढीच आशा धरावी, आणि एवढी पुष्कळ आहे.

सहायक कुत्रा, थेरपीचा कुत्रा, घरचा कुत्रा

हे तीन वेगळे. सहायक कुत्रा एका माणसासाठी ठरावीक कामं करायला शिकवलेला असतो आणि त्याच्या शिक्षणात दीड-दोन वर्षं जातात. थेरपीचा कुत्रा आपल्या हँडलरबरोबर, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या माणसाबरोबर, शाळेत, केंद्रात येतो, मुलांबरोबर वेळ घालवतो आणि परत जातो. मुंबई-पुण्याकडे ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी संस्था हे काम करते. आमची बुंदी तिसऱ्या प्रकारातली आहे: घरची कुत्री, जिला आम्ही चार कामाच्या गोष्टी शिकवल्या. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरीही असाच कुत्रा येणार आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण ऑटिझमसाठीच्या सहायक कुत्र्याला प्रमाणित करणारी सरकारी व्यवस्था आपल्याकडे नाही. त्यामुळे पैसे घेऊन कुत्र्याचं ‘सर्टिफिकेट’ आणि लाल जाकीट विकणारा भेटला तर पैसे वाचवा. दुकान, मॉल, शाळा, कुठेही त्या कागदाने दार उघडत नाही. सोसायटीत राहत असाल तर एवढं माहीत असू द्या की भारतीय पशू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. तरी भांडण करून कुत्रा आणण्यापेक्षा शेजारच्या बेनना, म्हणजे गुजराती शेजारणींना, आधी घरी बोलवा, मुलाबद्दल सांगा, विष्ठा आम्ही स्वतः उचलू हे सांगा, आणि मग खरंच उचला. आमच्या गल्लीत मराठी-गुजराती दोन्ही घरं आहेत. पहिल्या दिवशी जिने नाक मुरडलं होतं, तीच आज संध्याकाळी “बुंदी क्यां गई?” विचारते.

कुत्रा कसा निवडायचा

पिल्लू आणू नका. हे मी हात जोडून सांगते. पिल्लाचे दात सुईसारखे असतात, ते पायजम्याला लोंबकळतं, रात्री रडतं, कुठेही मुततं, आणि पुढच्या क्षणी काय करेल याचा नेम नसतो. ज्या मुलाला पुढचा क्षण आधी माहीत असावा लागतो त्याच्यासाठी हे फार अवघड. दोन-तीन वर्षांचा, स्वभाव ठरलेला कुत्रा पाहा. शक्य तर असा, जो एखाद्या कुटुंबात लहान मुलांबरोबर राहिलेला आहे. आम्ही बुंदी अशाच एका घरातून आणली. त्यांनी ती रस्त्यावरून उचलून वाढवली होती.

लॅब्राडोर हवाच, असा हट्ट लोक धरतात. लॅब्राडोर शांत आणि खादाड असतो, म्हणून शिकवायला सोपा, हे खरं. पण बडोद्याचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर जातो, आणि दाट, दुपदरी केसांच्या कुत्र्याला तो सोसत नाही. देशी कुत्रा उन्हाला सरावलेला, आजार कमी, केस आखूड. मात्र तो अनोळखी माणसाला पटकन जवळ करत नाही. त्यामुळे जात पाहण्याऐवजी समोरचा कुत्रा पाहा. तो आरामात असताना थोड्या अंतरावर स्टीलची ताटली जमिनीवर पडू द्या. दचकणं ठीक आहे. दचकून परत येऊन ताटली हुंगली तर उत्तम. पळून कोपऱ्यात गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही, किंवा अंगावर धावून आला, तर तो आपल्या घरासाठी नाही; ताटल्या आपल्याकडे पडणारच आहेत. खाताना वाटीजवळ मोठं माणूस गेलं की तो गुरगुरतो का, ओरडणाऱ्या मुलाच्या आवाजावर काय करतो, हे त्या घरच्यांना विचारा. पशुवैद्याकडून तपासून घ्या. कान-दात-कंबर दुखत असलेला कुत्रा स्वभावाने कितीही गोड असला तरी एक दिवस दुखऱ्या जागी हात लागला की दात दाखवतो.

येण्याआधी घर तयार करा

मुलाला कुत्र्याचा फोटो आधीच द्या. आम्ही चित्रांची छोटी वही केली: ही बुंदी. बुंदी जिन्याखाली झोपते. बुंदी भुंकते, मग थांबते. भुंकणं नको वाटलं तर मी आतल्या खोलीत जाते. एका पानावर एक वाक्य, आणि वाक्य खरं असलं पाहिजे. “बुंदी तुझी मैत्रीण आहे” असं लिहू नका. ते अजून ठरायचंय. भुंकण्याचा आवाज फोनवर अगदी बारीक ऐकवून हळूहळू वाढवता येतो. मुलाने फोन बंद केला तर बंद.

कुत्र्याला एक जागा अशी हवी जिथे मूल जाणार नाही. आमच्या जुन्या घरात जिन्याखालचा कोनाडा आहे. तिथे बुंदीची गोधडी, पाण्याचं भांडं, आणि फरशीवर लाल चिकटपट्टीची रेघ. रेघेच्या आत बुंदी असेल तर तिला कोणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, मी सुद्धा नाही. नातीला हा नियम तोंडी सांगून कळला नसता. रेघ दिसते, म्हणून कळला, आणि आता पाहुण्यांच्या मुलांना ती स्वतः हात आडवा धरून अडवते. तसंच मुलासाठीही कुत्र्याविना एक खोली हवी. तिथे कुत्र्याने कधीही जायचं नाही. दारात लहान मुलांसाठी लावतात तसं आडवं फाटक बसवा.

दारामागच्या खिळ्यावर एक कार्ड टांगा: कुत्र्याचं चित्र आणि त्यावर लाल काट. मुलाने हे कार्ड हातात दिलं की हातातलं काम टाकून कुत्र्याला न्यायचं. “थांब गं, भाकरी उतरवते” हे चालणार नाही. गॅस बंद करा आणि उठा. सुरुवातीला मूल कार्ड पुन्हा पुन्हा देईल. ते पाहत असतं, खरंच चालतं का.

पहिले काही आठवडे

कुत्रा घरात पट्ट्यावर, पट्टा मोठ्या माणसाच्या हातात. मूल आणि कुत्रा एकटे कधीच नाहीत, एका मिनिटासाठीही नाहीत. दारावर कोणी आलं तर कुत्र्याला बरोबर घेऊन दाराशी जा. वेळापत्रक भिंतीवर चित्रांत लावा: बुंदीचं फिरणं, बुंदीचं खाणं, बुंदीची झोप. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो, आणि त्याची झोप मोडली की तो चिडचिडा होतो, हे वेळापत्रकात दिसू द्या.

या दिवसांत काही घडत नाही असं वाटेल. मूल आपल्या कोपऱ्यात चाकं फिरवतंय, कुत्रा आपल्या कोपऱ्यात लोळतोय. नातेवाईक विचारतील, मग आणला कशाला? लक्ष देऊ नका. एक गोष्ट मी इथे मुद्दाम सांगते. अनोळखी कुत्र्याला टक लावून डोळ्यांत पाहणं धमकीसारखं वाटतं. डोळ्यांत न पाहणारं, बाजूने हळूच पाहणारं मूल त्याला निवांत वाटतं. ज्या सवयीसाठी माझ्या नातीला आयुष्यभर टोकलं गेलं, तीच इथे तिच्या बाजूने होती. म्हणून “बुंदीकडे बघ ना” असं चुकूनही म्हणू नका.

शब्द नकोत, हात पुरे

कुत्रे हाताच्या खुणा चटकन शिकतात, बहुतेकदा शब्दांपेक्षा लवकर. कमी बोलणाऱ्या मुलासाठी मला यापेक्षा मोठी गोष्ट माहीत नाही. सगळं जग ज्याच्याकडे शब्द मागतं, त्याला समोर एक जण असा भेटतो ज्याला शब्द लागतच नाहीत.

आधी मोठ्याने शिकवायचं, मुलाने लांबून पाहायचं. पहिली खूण नाक टेकवण्याची. आम्ही लाटणं वापरलं. लाटण्याचं टोक कुत्र्याच्या नाकापासून वीतभर धरा. तो कुतूहलाने हुंगेल. नाक लागलं त्या क्षणी “छान” म्हणा आणि खाऊ द्या. “छान” एकाच सुरात, हळू. बाजारात टिकटिक वाजणारा क्लिकर मिळतो, पण तो आवाज कित्येक मुलांना सहन होत नाही. काही दिवसांत लाटणं दिसलं की कुत्रा येऊन नाक टेकवून मागे सरकेल. मग ते लाटणं मुलाच्या हातात द्या. लाटणं लांब असल्याने ओलं नाक हाताला लागत नाही, आणि मूल लाटणं खाली ठेवेल तर खेळ संपला. खाऊही हातावरून भरवायचा नाही. लांब दांड्याच्या पळीतून वाटीत टाकायचा. पुढे मुलाला वाटलं तर लाटण्याच्या जागी हाताचा पंजा येईल, नाही वाटलं तर लाटणंच राहील. आमच्याकडे पंजा आला, पण त्याला एक आख्खा पावसाळा गेला.

नंतर तळहात वर उचलला की बसायचं, पंजा समोर आडवा धरला की थांबायचं, बोट गोधडीकडे केलं की जागेवर जायचं. ही शेवटची खूण मुलाला आधी द्या. कुत्र्याला आपल्यापासून दूर पाठवता येणं हे जवळ बोलावण्यापेक्षा जास्त धीर देतं. घरातल्या सगळ्यांनी खूण एकसारखी करायची, आणि बरोबर एखादा शब्द वापरायचा असेल तर तो एकाच भाषेतला. आजी मराठीत, बाबा हिंदीत, शेजारी गुजरातीत असं झालं की कुत्रा गोंधळतो.

एक बैठक पाच मिनिटांची. कुत्र्याला आणि मुलाला दोघांनाही हवंसं वाटत असतानाच थांबवा. खाऊ नखाएवढा: उकडलेलं अंडं किंवा चिकन, शाकाहारी घरात पनीर, उकडलेला भोपळा, गाजर.

कुत्र्याचं ‘नको’ वाचायला शिका

जांभई, पण झोप आलेली नाही. ओठ चाटणं, पण खाणं समोर नाही. मान फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, कान मागे, शेपूट पोटाखाली, अंग एकदम ताठ. ही सगळी ‘नको’ आहेत. सगळ्यात शेवटी गुरगुरणं येतं. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही रागवू नका. रागवलं तर तो गुरगुरणं सोडेल आणि पुढच्या वेळी थेट चावेल. गुरगुर ऐकली की मुलाला शांतपणे दूर न्या, आणि मग कशामुळे झालं ते शोधा.

सुनेने बुंदीचेच फोटो काढून तक्ता केला: एका बाजूला मऊ, सैल बुंदी, दुसऱ्या बाजूला ‘नको’ म्हणणारी बुंदी. माणसांचे चेहरे नातीला कोड्यात टाकतात, कारण माणसं हसून रागावतात. कुत्रा वरून एक आणि आतून दुसरं दाखवत नाही. नात हा तक्ता आमच्या सगळ्यांआधी शिकली, आणि आता पाहुणे बुंदीला फार कुरवाळू लागले की ती तक्त्यावर बोट ठेवून दाखवते.

कुरवाळण्याची रीत अशी: मूल बसलेलं, कुत्रा आपणहून जवळ आलेला. बोटांवर तीन मोजेपर्यंत मानेच्या बाजूला किंवा छातीवर हात फिरवायचा, आणि हात मांडीवर परत. कुत्रा पुढे सरकला तर पुन्हा तीन. तिथेच राहिला किंवा उठून गेला तर संपलं. डोक्यावर थोपटणं, मिठी मारणं, अंगावर झोपणं नाही. फोटोत कुत्र्याच्या गळ्यात हात टाकलेली मुलं गोंडस दिसतात. फोटोतल्या कुत्र्याचे कान आणि डोळे नीट पाहा.

मांडीवरचं वजन

कित्येक ऑटिस्टिक मुलांना खोल, स्थिर दाब शांत करतो. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या पशुवैज्ञानिक टेंपल ग्रँडिन यांनी तरुणपणी नातेवाइकांच्या रँचवर गुरांना दाबून धरणारा सांगाडा पाहिला आणि स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. प्रशिक्षित सहायक कुत्रे हेच काम अंगाच्या वजनाने करतात. घरी एवढंच करा: मूल जमिनीवर पाय पसरून बसलेलं, मांडीवर गोधडीची घडी, आणि कुत्र्याने त्यावर फक्त डोकं किंवा पुढचे पाय ठेवायचे. लाटण्याने डोकं मांडीपर्यंत आणून हे शिकवता येतं. दोन-तीन मिनिटांनी कुत्र्याला उठवा, तो आरामात असला तरी. मागणी मुलाकडून यायला हवी, कार्डाने किंवा मांडी थोपटून. कुत्रा नकार देत असेल तर वजनदार गोधडी आहेच.

मूल पूर्ण कोसळलेलं असताना, रडणं-ओरडणं-आपटणं चाललेलं असताना, कुत्र्याला जवळ आणू नका. पहिलं काम कुत्र्याला दुसऱ्या खोलीत नेणं. घरच्या कुत्र्याकडून त्या क्षणी मदतीची अपेक्षा करणं दोघांवर अन्याय आहे. वादळ शमल्यावर, मूल थकून बसलेलं असताना, त्याने मागितलं तर आणा.

रस्त्यावर

परदेशात मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधतात, म्हणजे मूल रस्त्यावर पळालं तर कुत्रा अडवतो. आपल्याकडे हे करू नका. रावपुऱ्यातून किंवा मांडवीतून चालताना स्कूटर, गाई, भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या. कुत्र्याने झडप घातली की बांधलेलं मूल ओढलं जातं. मोठी दोन माणसं लागतात: एक कुत्र्यासाठी, एक मुलासाठी. मुलाला दोरी धरायची असेल तर हार्नेसला दुसरी आखूड दोरी लावा. ती मुलाच्या हातात सैल, मनगटाला गुंडाळलेली कधीच नाही. खरा पट्टा मोठ्या माणसाकडे. नातीला ती दोरी धरून चालायला आवडतं, आणि रस्त्यात पूर्वीसारखी ती हात सोडवून घेत नाही. पळून जाणाऱ्या मुलाच्या आई-बापांना यातलं मोल समजेल.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरून या. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला टेकवत नसेल तर कुत्र्याचे तळवे भाजणार. आणि विश्वामित्रीच्या काठाला कुत्रा किंवा मूल नेऊ नका. नदीत मगरी आहेत हे आपण सगळे जाणतो, तरी पुलाजवळून उतरून फोटो काढणारे दिसतात. २०१९ आणि २०२४ च्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या होत्या. पाणी ओसरल्यावरही साचलेल्या डबक्यांजवळ जाऊ नका.

सणांचे आवाज

गणपतीचे ढोल-ताशे, नवरात्रीच्या नऊ रात्री, दिवाळी, आणि उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. मूल आणि कुत्रा दोघांचेही कान नाजूक. ती एकमेकांना धीर देतील या भरवशावर एका खोलीत ठेवू नका. घाबरलेला कुत्रा आणि घाबरलेलं मूल, ही जोडी धोक्याची. दोघांना वेगळ्या खोल्या, खिडक्या बंद, कूलर किंवा पंख्याचा एकसुरी आवाज चालू, मुलाच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन. कुत्र्याला औषध लागणार असेल तर पशुवैद्याला सणाआधी विचारा. माणसांची झोपेची गोळी कधीच नाही. उत्तरायणाच्या १४ आणि १५ जानेवारीनंतरही आठवडाभर मांजा रस्त्यात, गच्चीत, झाडांत पडलेला असतो. फिरून आल्यावर कुत्र्याचे पंजे, बोटांमधली कातडी आणि मुलाच्या चपला रोज तपासा.

दवाखान्याचं

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांनंतर आणि मोठ्या कुत्र्याला पशुवैद्य सांगतील तशी दर वर्षी. इतर लशी, जंतांचं औषध, पावसाळ्यात गोचिडांवर उपाय, यात कसूर नको. मुलाला आधीच रेबीजची लस देऊन ठेवावी का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा.

दात किंवा नख लागून ओरखडा उठला किंवा रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट, काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात. कुत्र्याला लस दिलेली असली तरी दाखवायचं, आणि डॉक्टरांनी लशीच्या तारखा दिल्या तर एकही चुकवायची नाही. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, हे मी वॉर्डात पाहिलेलं आहे. आपलं मूल चावल्याचं किंवा दुखल्याचं सांगेलच असं नाही. म्हणून रोज अंघोळीच्या वेळी हात-पाय-पाठ नजरेखालून घाला.

कुत्र्याला चॉकलेट, द्राक्षं, कांदा, लसूण आणि गोड च्युइंगममधलं झायलिटॉल विषारी आहे. आपल्या घरात सगळ्यात मोठा धोका मनुका-बेदाण्यांचा. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, आणि प्रसाद सगळ्यांना, अगदी मुक्या जिवालाही द्यायची आपली पद्धत. बुंदीचा प्रसाद मी साखर-तूप घालण्याआधीच्या भाजलेल्या रव्याचा चमचाभर वेगळा काढते.

आणि एक दिवस ती जाणार, त्याची तयारी. कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की चित्रांच्या वहीत म्हातारा कुत्रा येऊ द्या: आता तो हळू चालतो, जास्त झोपतो. मेल्यावर “झोपली” किंवा “देवाघरी गेली” म्हणू नका. शब्दाला शब्द धरणारं मूल झोपायला घाबरेल, किंवा देवाघरचा पत्ता मागत बसेल. “मेली. आता ती श्वास घेत नाही. परत येणार नाही,” असं सांगा, आणि तिची गोधडी, भांडं, लाल रेघ मुलाला विचारूनच हलवा.

शेवटचं काम कागदाचं. मी अडुसष्टची आहे, आणि हे सगळं एकटीच्या डोक्यात ठेवून चालत नाही. आमच्या फ्रिजवर एक कागद आहे: पशुवैद्याचा नंबर, लशींच्या तारखा, सकाळ-संध्याकाळचं खाण्याचं माप, चारही खुणांची चित्रं, लाल रेघेचा नियम, ‘नको’ कार्ड कुठे टांगलंय ते, आणि मी आजारी पडले तर बुंदीला फिरवायला कोण येईल त्याचं नाव. मुलगा, सून, शेजारच्या बेन, तिघांनाही तो वाचून दाखवलाय. दर दिवाळीला साफसफाईत तो उतरवतो, आणि बदललेलं बदलून नवा लिहितो.